घरच्या समुद्री टँकमधल्या कोरलवरची कीड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात नऊ वर्षांपासून खाऱ्या पाण्याचा टँक आहे, पावणेतीनशे लिटरचा. त्यातल्या कोरलांना दोनदा कीड लागली आणि दोन्ही वेळा ती नव्या आणलेल्या तुकड्याबरोबर आली होती. तेव्हापासून ओळखीतली मंडळी फोनवर फोटो पाठवतात: दुबईहून, सिंगापूरहून, अधूनमधून पुण्याहूनही. प्रश्न पुष्कळदा तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. टँक, डिप, फ्रॅग, प्लग हे शब्द आपण रोज वापरतो तसेच ठेवले आहेत. नवख्यांसाठी एवढंच सांगतो की डिप म्हणजे किडे पाडण्यासाठी कोरल काही मिनिटं औषधाच्या पाण्यात बुडवणं, फ्रॅग म्हणजे मोठ्या कोरलचा कापून घेतलेला तुकडा आणि प्लग म्हणजे तो ज्यावर चिकटवलेला असतो ती सिमेंटची किंवा चिनीमातीची लहान बैठक.

माझं एक कोरल नीट फुलत नाहीये. कीडच असणार ना?

बहुतेक वेळा नसते. आधी पाणी तपासा. खारेपणा हजारी ३५ च्या आसपास, तापमान २५-२६ अंश, अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद) ८-९ डीकेएच, म्हणजे तिच्या मोजमापात, आणि या तिन्ही आकड्यांत रोजच्या रोज चढउतार नाहीत, एवढं पाहिलं की निम्मी शंका फिटते. नवा दिवा लावलाय का, पंपाचा झोत सरळ त्याच्या अंगावर येतो का, शेजारचं युफिलिया जातीचं कोरल रात्री लांब सोंडा काढून त्याला डंख मारतं का, हेही बघा.

मी एक ठोकताळा वापरतो. वेगवेगळ्या जातींची कोरलं एकदमच रुसली, तर दोष पाण्याचा. एकाच जातीची कोरलं झिजतायत आणि त्यांना खेटून बसलेली दुसऱ्या जातीची मजेत आहेत, तर कीड शोधायला घ्या. कोरल खाणारे बहुतेक किडे खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. ॲक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलवरचा किडा ताटलीसारख्या मॉन्टिपोराला तोंड लावत नाही आणि मॉन्टिपोरावरचा झोआंकडे, म्हणजे वसाहत करून राहणाऱ्या लहान मऊ फुलांसारख्या जीवांकडे, फिरकत नाही.

बघायचं कुठे आणि कधी?

रात्री, दिवे बंद झाल्यावर तासा-दोन तासांनी. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावा. लाल उजेड यातल्या बऱ्याच जीवांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते दडी मारत नाहीत. कोरलच्या वरच्या, सुंदर बाजूकडे बघत बसू नका. बुंध्याशी जिथे मांस संपून उघडा सांगाडा सुरू होतो तिथे बघा, ताटलीसारख्या कोरलच्या खालच्या अंगाला बघा, प्लगच्या तळाशी बघा. किडीचा सगळा संसार सावलीत असतो.

दुसरं साधन म्हणजे पाण्याचा फवारा. इथे टर्की भाजताना रस ओढून घ्यायला रबरी फुग्याची मोठी नळी वापरतात, ती उत्तम. भारतात सुई काढलेली ५० मिलिलिटरची सिरिंज चालते. फांद्यांवर जोरात पाणी मारलं की चिकटून बसलेला किडा सुटून तरंगत खाली येतो. दहा-पंधरा रुपयांना मिळायचं तसलं साधं भिंगही जवळ ठेवा. मोबाईलचा कॅमेरा काचेतून फसवतो. मला येणाऱ्या कितीतरी फोटोंमध्ये किडा म्हणून दाखवलेली गोष्ट काचेवरचं शेवाळ निघते.

ॲक्रोपोरावर बारीक फिकट ठिपके पडलेत. हे काय?

ठिपके गोलसर, जेमतेम मिलिमीटरभर आणि एकसारखे असतील, तर ॲक्रोपोरा खाणारा चपटा कृमी असण्याची दाट शक्यता आहे. ते त्याच्या तोंडाचे ठसे असतात. या छंदातली सगळ्यात त्रासदायक कीड मी हीच मानतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हा कृमी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. पोटात गेलेल्या कोरलच्या मांसाचा रंग त्याच्या पातळ अंगातून आरपार दिसतो, त्यामुळे तो कोरलच्याच रंगाचा होऊन जातो. शौकिनांना तो आधी माहीत झाला. शास्त्रीय वर्णन २०११ साली टँकमधल्याच नमुन्यांवरून झालं आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, लिझार्ड बेटाजवळ तो समुद्रात सापडला. आज त्याचं नाव प्रोस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी असं आहे.

मी पहिल्यांदा पाहिला तो पांढऱ्या वाडग्यात. निळसर ॲक्रोपोराचा रंग महिनाभर उतरत होता, खालून पांढरं पडत होतं. डिपच्या पाण्यात ठेवून चार-पाच मिनिटं फवारा मारला आणि वाडग्याच्या तळाशी भिजलेल्या पातळ पोह्यासारखं काहीतरी बसलं. भिंगातून पाहिलं तर कडा लाटेसारख्या हलत होत्या. मग दुसरा पडला, तिसरा पडला. अकरापर्यंत मोजले. बोटाएवढ्या कोरलवर अकरा.

त्याची अंडी बुंध्याजवळच्या उघड्या सांगाड्यावर थरानं चिकटवलेली असतात, मधासारखी तपकिरी, खसखशीहूनही बारीक. एकेका कवचात एकाहून जास्त पिल्लं असतात. पाणी २६-२७ अंशांवर असेल तर साधारण दोन ते तीन आठवड्यांत ती फुटतात, थंड पाण्यात आणखी वेळ घेतात. उपाय या वेळापत्रकावरूनच ठरतो: सगळी ॲक्रोपोरा बाहेर काढायची, दर ५-७ दिवसांनी डिप द्यायचा आणि हे निदान सहा आठवडे न चुकता चालवायचं. शेवटच्या दोन डिपमध्ये एकही किडा पडला नाही तर थांबायचं. मोठं झाड दगडाला चिकटून वाढलेलं असेल आणि निघत नसेल, तर मी त्याच्या निरोगी फांद्या कापून घेतो आणि अंडी असलेला बुंधा टाकून देतो. जीव हळहळतो, पण बुंधा ठेवला तर सहा आठवड्यांची मेहनत वाया जाते.

मॉन्टिपोराची कड पांढरी पडत चालली आहे. कारण?

ताटली उलटी करून बघा. तीन ते पाच मिलिमीटरचे, पांढरट, अंगावर झालर असलेले जीव दिसले, शेवईचा बारीक तुकडा विस्कटल्यासारखे, तर ते मॉन्टिपोरा खाणारे न्युडिब्रँक आहेत, म्हणजे शंख नसलेल्या समुद्री गोगलगायी. टँकवाले वर्षानुवर्षं त्यांच्यामुळे त्रासले होते, तरी शास्त्रीय नाव २०२० मध्ये मिळालं: फेस्टिला सबोडिओसा. यांची पिल्लं पाण्यात भटकत न राहता अंड्यातून निघून तिथेच खायला लागतात, म्हणून दहाचे शंभर व्हायला वेळ लागत नाही.

माझ्याकडे ही कीड लाल ताटलीच्या मॉन्टिपोरावर आली. मी तीन डिप दिले, आठ दिवसांच्या अंतरानं, आणि समाधान मानलं. महिन्याभरात पुन्हा कड पांढरी झाली. ताटलीच्या पोटात एक चीर होती, तिच्यात अंडी राहिली होती. दुसऱ्या वेळी सगळी मॉन्टिपोरा वेगळ्या २० लिटरच्या टबमध्ये दोन महिने ठेवली, दर पाचव्या दिवशी डिप, जुन्या टूथब्रशनं खालची बाजू घासणं, आणि प्रत्येक वेळी भिंगातून तपासणी. तेवढे दिवस मुख्य टँकमध्ये मॉन्टिपोराचा एक कणही नव्हता, त्यामुळे तिथे राहिलेल्या किड्यांना खायलाच मिळालं नाही. टँकभर औषध ओतायची गरज पडली नाही.

अंगावर लाल ठिपका असलेले पिवळे किडे फांद्यांवर फिरतायत. हे धोकादायक आहेत का?

हे ‘रेड बग’. अर्ध्या मिलिमीटरचे असतात, मोहरीच्या दाण्याजवळ ठेवले तर दिसणारही नाहीत. हे कोळंबीच्या कुळातले कोपेपॉड आहेत आणि ॲक्रोपोरावरच राहतात, विशेषतः गुळगुळीत सालीच्या जातींवर. कोरल एकदम मरत नाही. पॉलिप, म्हणजे त्याची बारीक फुलासारखी तोंडं, बाहेर काढेनासं होतं, रंग निस्तेज होतो, वाढ खुंटते. कुत्र्यांना जंतासाठी देतात त्या मिल्बेमायसिन ऑक्झिमनं ते मरतात. पण ते औषध कोळंबी, खेकडे आणि टँकमधल्या उपयोगी कोपेपॉडांनाही मारतं. इथे ते पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि ते योग्यच आहे. सगळ्या टँकमध्ये औषध घालण्यापेक्षा ॲक्रोपोरा बाहेर काढून वेगळ्या भांड्यात उपचार करणं मला नेहमी बरं वाटतं.

झोआंची वसाहत उघडतच नाही. काय शोधू?

तीन चोर आहेत.

पहिला झोआ खाणारा न्युडिब्रँक. त्याच्या पाठीवरची बोटं झोआंच्या सोंडांसारखी दिसतात आणि रंगही खाल्लेल्या झोआंचाच असतो. तो सापडला नाही तरी देठांवर पांढऱ्या, वेटोळ्या फितीसारखी अंडी सापडतात. दुसरा सनडायल गोगलगाय: शंखावर पांढऱ्या आणि तपकिरी-काळ्या चौकटींची नक्षी, दिसायला देखणा, दिवसा झोआंच्या मुळाशी दडलेला. तो हातानं वेचून काढायचा, एवढाच उपाय आणि तो पुरतो. तिसरा समुद्री कोळी, काडीसारख्या पायांचा, झोआंच्या गर्दीत हालचाल झाल्याशिवाय दिसत नाही. पहिल्यासाठी आणि तिसऱ्यासाठी डिप आणि चिमटा.

झोआ हाताळताना हातमोजे खरंच लागतात का?

हो. आणि चष्माही. हा प्रश्न मी कधीच हसण्यावारी नेत नाही.

झोआंच्या आणि विशेषतः त्यांच्या भाऊबंद पॅलिथोआंच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक. हवाईमधल्या पॅलिथोआतून ते १९७१ मध्ये वेगळं केलं गेलं. वसाहत कापताना चिळकांडी उडून डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, जखमेतून अंगात गेलं तरी त्रास होतो. सगळ्यात घातक प्रकार म्हणजे झोआ असलेला दगड उकळत्या पाण्यानं धुणं किंवा वाफेनं साफ करणं. विष वाफेबरोबर नाकातोंडात जातं. अलास्कातल्या अँकरेजमध्ये २०१२ ते २०१४ या काळात दुकानात आणि घरांत अशा विषबाधेच्या संशयित घटना नोंदल्या गेल्या आहेत. तोंडात धातूसारखी चव, खोकला, ताप, अंगदुखी, धाप ही लक्षणं दिसली तर सरळ दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द सांगा. तो सगळ्यांना माहीत असेलच असं नाही.

दगड उकळू नका, सुका दगड ब्रशनं खरवडू नका, घरातल्या सिंकमध्ये जिथे भांडी घासता तिथे हे काम करू नका. पोरांना आणि मांजराला त्या खोलीतून बाहेर ठेवा.

वाळूवर आणि कोरलवर गंजाच्या रंगाचे चपटे किडे पसरलेत. हे कोरल खातात का?

खात नाहीत. शेपटीला तीन टोकं असतील तर हे तांबडे प्लॅनेरिया. पण त्यांची चादर पसरली की खालच्या कोरलला उजेड मिळत नाही, म्हणून ते हटवावे लागतात. बाजारात ‘फ्लॅटवर्म एक्झिट’ मिळतं आणि ते काम करतं. संकट पुढे येतं: एकदम हजारो मेले की त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरतं आणि मासे धापा टाकायला लागतात.

म्हणून आधी आठवडाभर रोज बारीक नळीनं ओढून त्यांची संख्या कमी करा. औषधाच्या दिवशी पाणी शुद्ध करणारा नवा कार्बन आणि टँकच्या निदान चौथाई भागाचं तयार खारं पाणी हाताशी ठेवा. औषध घातल्यावर मेलेले किडे लगेच ओढून काढा, मग कार्बन चालू करा, पाणी बदला. सुट्टीच्या दिवशी सकाळी करा, रात्री झोपायच्या आधी तर मुळीच नको.

एपटेशिया कितीही खुडले तरी वाढतच जातात. का?

खुडता म्हणूनच. एपटेशिया म्हणजे काचेसारखं पारदर्शक, तपकिरी छटेचं समुद्रफूल. त्याच्या पायाचा एक कण जरी दगडावर राहिला तरी त्यातून नवं उगवतं. चिरडू नका, खरवडू नका.

थोडे असतील तर चुन्याचा लेप. या छंदात ज्याला जर्मन नावानं काल्कवासर म्हणतात ती आपली चुन्याची निवळीच. तोच कॅल्शियम हायड्रॉक्साइड थोड्याशा पाण्यात दाट कालवून सिरिंजमध्ये भरा, पंप बंद करा, सुई हळूच जवळ नेऊन फुलाच्या तोंडावर सोडा, ते मिटायच्या आत. पाचेक मिनिटांनी पंप चालू. एका दिवसात चार-पाचांपेक्षा जास्त करू नका, पाण्याचा पीएच चढतो. टँकसाठी म्हणून विकला जाणारा शुद्ध चुनाच घ्या. पानाच्या डबीतला नको, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. आणि चुना डोळ्यात गेला तर भाजतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

पुष्कळ झाले असतील तर जिवंत मदत घ्या. बर्गिया नावाची लहान न्युडिब्रँक एपटेशियाशिवाय काहीच खात नाही. तिला जम बसवायला काही आठवडे लागतात, आणि एपटेशिया संपले की ती उपाशी मरते, म्हणून काम झालं की ती पुढच्या गरजूला द्यायची रीत आहे. पेपरमिंट कोळंबीही एपटेशिया खाते, पण विकत घेताना नीट बघा: तिच्यासारखी दिसणारी, पाठीला कुबड असलेली आणि अंगावर ठळक पांढऱ्या रेषा असलेली कॅमल कोळंबी कोरलंच खाते.

दगडावर टणक, टोकदार नळ्या उगवल्यात आणि त्यातून चिकट धागे निघतात.

व्हर्मेटिड गोगलगाय. तिचं चिकट जाळं कोरलच्या अंगावर पसरलं की ते मिटून जातं. नळी पक्कडीनं मोडा आणि भोकावर जेलसारख्या सुपरग्लूचा थेंब ठेवा. खाणं कमी टाका, कारण पाण्यात तरंगणाऱ्या कणांवरच ती जगते.

कोणाला मारू नये?

याचं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे, कारण नव्या माणसाच्या हातून मित्रच आधी मरतात.

केसाळ ब्रिसल कृमी वाळूत उरलेलं अन्न खातात. मरणाऱ्या कोरलवर ते दिसतात तेव्हा त्यांनीच मारलं असं वाटतं, पण ते नंतर आलेले असतात. (अपवाद अग्निकृमीचा: जाडजूड, कल्ल्यांचे लालसर झुपके, आणि तो फांदीच्या टोकावर चढून खरंच कोरल खातो. दोघांनाही उघड्या हातानं धरू नका, केस कातडीत रुततात.) अँफिपॉड, कोपेपॉड हे माशांचं खाद्य. छोट्या ॲस्टेरिना चांदण्या बहुतेक निरुपद्रवी असतात. एखादी जात झोआंवर बसलेली वारंवार दिसली तरच वेचा.

आणि पोसिलोपोरा या कोरलच्या फांद्यांत बसलेला चकचकीत, लहान ट्रॅपेझिया खेकडा, किंवा ॲक्रोपोरातला त्याचा भाऊबंद टेट्रालिया. तो कोरलचा पहारेकरी आहे. समुद्रात काटेरी मुकुटासारखा तारामासा कोरल खायला चढला तर हा नखभर खेकडा त्याचे पाय चिमटून त्याला परतवतो. डिप देण्याआधी त्याला काडीनं बाहेर काढून वेगळ्या वाटीत ठेवा, डिप झाल्यावर परत घाला. मी प्रत्येक वेळी हे करतो. केसाळ पायांचा, काळसर नांग्यांचा खेकडा मात्र ठेवू नका.

युफिलियाच्या एका डोक्यावर तपकिरी चिकट जेली आली आहे.

ही कीड नव्हे, रोग आहे, आणि याला वेळ देऊ नका. त्या जेलीत मांस खाणारे सूक्ष्मजीव असतात आणि जेलीचा तुकडा वाहत गेला तर शेजारचं डोकं जातं. पंप बंद करा, जेली नळीनं ओढून बादलीत घ्या, कोरल बाहेर काढा, बाधित डोकं निरोगी डोक्यांपासून कापून वेगळं करा, उरलेल्याला आयोडीनचा डिप द्या आणि वेगळ्या पाण्यात ठेवा. सकाळी दिसलं तर संध्याकाळपर्यंत थांबू नका. वासावरूनही कळतं, कुजलेल्या मासळीचा वास येतो.

डिप नेमका कसा द्यायचा?

तीन पांढरी भांडी घ्या, म्हणजे पडलेला किडा दिसतो. तिन्हींत टँकचंच पाणी, तेच तापमान. पहिल्यात डिपचं औषध बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. अंदाजानं जास्त घालू नका. बहुतेक डिपना पाच ते दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ कोरल नुसतं बुडवून ठेवलं तर अर्धं काम होतं. सतत फवारा मारत राहा, प्रत्येक फटीत. मग दुसऱ्या भांड्यात खळबळा, तिसऱ्यात पुन्हा. भिंगातून बुंधा बघा. प्लग शक्यतो तोडून फेकून द्या आणि नवा लावा, कारण अंडी असतात ती तिथे. डिपचं पाणी एक थेंबही टँकमध्ये जाता कामा नये.

युफिलिया, झोआ, लेदर कोरल डिप सोसतात. पहिल्यांदा देताना मी एकच लहान तुकडा आधी बुडवून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहतो.

डिपनं अंडी मरतात का?

नाही. माझ्या पाहण्यात असा डिप नाही ज्यानं खात्रीनं अंडी मरतात आणि कोरल जगतं. अंडी खरवडावी लागतात किंवा फुटायची वाट बघून पिल्लं मारावी लागतात. ‘एकदा डिप दिला होता’ हे वाक्य मी फोनवर ऐकतो तेव्हा पुढची गोष्ट मला ठाऊक असते.

एखादा मासा ठेवला की कीड आपोआप संपेल ना?

कमी होईल, संपणार नाही. सहा रेघांचा रास (इंग्रजीत wrasse) हा मासा दिवसभर दगडांतून चोचीनं टिपत फिरतो आणि चपटे कृमी खातो, पण त्यांच्या अंड्यांना शिवत नाही. पेपरमिंट गटातल्या काही कोळंब्या अंडीही खातात. मात्र तो रास बर्गियालाही सोडत नाही, तेव्हा एपटेशियासाठी बर्गिया आणि कृमींसाठी रास अशी दोन माणसं एका घरात ठेवता येत नाहीत. आणि हा मासा मोठा भांडकुदळ असतो, त्याच्यानंतर आणलेल्या बुजऱ्या माशांचं जगणं कठीण करतो.

बागेचं कीटकनाशक डिप म्हणून वापरतात असं ऐकलं. चालेल?

अमेरिकेत बरेच जण इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक असलेलं औषध तसं वापरतात आणि किडे पडतात हे खरं आहे. मी वापरत नाही. ते या कामासाठी बनलेलं नाही, थोडं जरी टँकमध्ये गेलं तरी कोळंब्या आणि खेकडे मरतात आणि उरलेलं पाणी कुठे ओतायचं हा प्रश्न राहतोच.

हळद, कडुनिंबाचं तेल, साधं मीठ?

घरातून आई-सासूबाई हे सुचवतातच, आणि गोड्या पाण्यातल्या माशांच्या बाबतीत मिठाचा उपयोग होतोही. कोरलसाठी यातलं काहीही वापरू नका. तेलाचा तवंग पाण्यावर धरतो आणि हवेची देवाणघेवाण अडते, हळदीनं किडा मरतो याला आधार नाही, आणि इथलं पाणी आधीच खारं आहे.

नवं कोरल किती दिवस वेगळं ठेवायचं?

सहा ते आठ आठवडे. २० ते ४० लिटरचा साधा टब, हीटर, लहान पंप, एक बरा दिवा. वाळू नको, दगड नको, तळ उघडा, म्हणजे काही पडलं तर दिसतं. पाणी मुख्य टँकमधून घ्यायचं, टबमधलं परत तिकडे घालायचं नाही. चिमटे आणि नळ्याही दोन्हीकडे वेगवेगळ्या. भाड्याच्या लहान घरात याला जागा नसते हे मला माहीत आहे; आमचा टब पहिली तीन वर्षं न्हाणीघरातल्या कपाटावर होता. जागाच नसेल तर महिन्याला एकच कोरल आणा आणि त्यावर दोन डिप द्या, तेवढ्यानंही फरक पडतो.

मी महाराष्ट्रात राहतो. हे सगळं मला लागू आहे का?

आधी कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली २००१ पासून सगळी कठीण कोरलं, म्हणजे ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा, युफिलियासकट, पहिल्या अनुसूचीत आहेत. काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे यांनाही तेच संरक्षण आहे. ती अनुसूची वाघाची आहे. दुकानात काचेमागे ठेवलंय म्हणून ते विकत घेणं कायदेशीर होत नाही. झोआ, मशरूम, लेदर कोरल या गटांत बसत नाहीत, म्हणून भारतातले टँक बहुतेक त्यांचेच असतात, आणि वरचे झोआ, प्लॅनेरिया, एपटेशिया यांबद्दलचे प्रश्न तुमच्या कामाचे आहेत. तरीही विक्रेत्याकडे आयातीचे कागद मागा.

मालवणला किंवा मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला झोआ दिसतात, वरळी-हाजी अलीला कोरलही आहेत. सागरी किनारा रस्त्याच्या कामात तिथल्या वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. तिथून काहीही खुडून आणू नका. बघायला मात्र नक्की जा.

कीड लागलेलं कोरल, दगड किंवा टँकचं पाणी कुठे टाकायचं?

खाडीत, नदीत, समुद्रात कधीच नाही. कोरल समुद्राचंच आहे म्हणून समुद्रात सोडलं, असं लोक मोठ्या प्रेमानं करतात, आणि त्याबरोबर दुसऱ्याच महासागरातली कीड आणि रोग तिथे सोडतात. दगड आणि मेलेले तुकडे ब्लीच मिसळलेल्या थंड पाण्यात दिवसभर ठेवा, मग पिशवीत बांधून कचऱ्यात. झोआ असतील तर हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. किड्यांचं पाणीही ब्लीच घालून तासाभरानं मोरीत ओता.

दोन महिने झाले, एकही किडा दिसत नाही. आता निर्धास्त होऊ का?

अजून दोन परीक्षा घ्या. जिथे किडे होते त्याच जातीचा एक लहान, निरोगी तुकडा नव्या प्लगवर लावून टँकमध्ये ठेवा आणि तीन आठवड्यांनी काढून डिप द्या. वाडग्याचा तळ स्वच्छ राहिला तर चांगलं लक्षण. दुसरी परीक्षा जुन्या जखमेची: पांढऱ्या पडलेल्या सांगाड्याच्या कडेनं मांसाची नवी, फिकट किनार सरकायला लागते. माझ्या मॉन्टिपोरावर ती पहिल्यांदा दिसली तेव्हा केसाएवढी होती, जांभळट. काचेवर पेन्सिलीनं खूण केली होती. पुढच्या महिन्यात ती खुणेच्या पलीकडे गेली आणि मग मी टब धुऊन वाळत घातला.